लख्ख करण्याआधी

शेत नांगरताना, पायाचा खड्डा खणताना किंवा नदीच्या वाळूत जुनं नाणं हाताला लागलं की माणूस सगळ्यात आधी त्यावर अंगठा घासतो. माती निघाली नाही तर अंगठा ओला करतो. मग सदऱ्याचं टोक, मग विहिरीच्या काठाची फरशी. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. खाली काय लिहिलंय, कुणाचं आहे, हे बघण्याची ओढ त्यामागे असते, आणि ती ओढ नसती तर नाणकशास्त्र जन्मालाच आलं नसतं. पण लोकांनी वर्षानुवर्षं माझ्यासमोर आणून ठेवलेली नाणी बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. शेकडो वर्षं जमिनीत राहून नाण्याचं जितकं वाटोळं होतं, तितकं ते वर आल्यानंतरच्या दोन दिवसांत होऊ शकतं. आणि ते करणाऱ्या माणसाचा त्या नाण्यावर बहुतेक वेळा जीव जडलेला असतो.

ही पुस्तिका त्या दोन दिवसांसाठी आहे. नाणी चकचकीत करण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकण्याआधी ही पानं वाचली जावीत, एवढी माझी इच्छा आहे.

आपल्याकडे धातू स्वच्छ ठेवणं हा संस्कारच आहे. सणाच्या आदल्या दिवशी समया, तांब्या, ताम्हन, अभिषेकपात्र असं सगळं चिंचेने घासून उन्हात पालथं घातलेलं असतं. त्या रांगेत देवघरातलं एखादं जुनं नाणंही असतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा-हिरवा थर विरघळवतं, खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं आणि हवा लागून तेही पुन्हा काळवंडतं. म्हणजे दर घासणीला थोडं तांबं जातं. ताम्हनाचा पत्रा जाड, त्याला पिढ्यान्‌पिढ्या काही होत नाही. पण टाकांचं काय होतं ते आठवून बघा. टाक रोज घासले गेले की आधी खंडोबाच्या घोड्याचे पाय सपाट होतात, मग देवाचा चेहरा जातो, आणि एक दिवस जुने टाक विसर्जित करून सोनाराकडून नवे घडवून आणावे लागतात. टाक नवे घडवता येतात. शिवराई पुन्हा पाडायला ती टांकसाळ आता नाही.

शिवराईची दोन नाणी मी शेजारी ठेवून पाहिली आहेत. एक आमच्या देवघरातलं, आजीने आणि तिच्या सासूने दर दिवाळीला घासलेलं. त्यावर ‘श्री राजा शिव’ अशा तीन ओळी असणार हे माहीत आहे म्हणून कळतं. प्रत्यक्षात ‘राजा’तला एक काना आणि शेवटच्या ओळीतली वेलांटी, एवढंच नखाला लागतं. मागचं ‘छत्र पति’ दिव्याच्या तिरक्या उजेडात धरल्यावर सावलीसारखं येतं आणि नाणं जरा हललं की जातं. कडेची ठिपक्यांची माळ तर नाहीच. दुसरं नाणं एका स्नेह्यांच्या पडलेल्या वाड्याच्या भिंतीतून निघालं. रंग जुन्या सागवानी तुळईसारखा, जवळजवळ काळा. त्यावर ठिपके एकेक करून मोजता येतात. चकती ठशापेक्षा लहान पडल्यामुळे माळ एका अंगाला अर्धीच उमटली आहे, तेही स्पष्ट दिसतं. शिवराईचे प्रकार अभ्यासक वेगळे काढतात ते अशाच खुणांवरून: ‘श्री’चं वळण कसं आहे, ‘जा’ कसा काढला आहे, ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेली ती दुदांडी आहे का. आजीच्या शिवराईला यातला एकही प्रश्न आता विचारता येत नाही. तिच्यावर आजीचा हात फिरला आहे म्हणून मला ती प्रिय आहे, पण ती शिवराई कुठल्या काळातली हे मी सांगू शकत नाही.

पूजेत नाणं नको असं मी कुणालाही सांगणार नाही. पंचामृतातलं दही आणि मध दोन्ही आम्लधर्मी. त्यात बुडवायला आजचा रुपया किंवा चांदीचं नवं नाणं ठेवावं आणि जुन्याला कोरड्या डबीत, हळदी-कुंकवाशिवाय, देवाशेजारी जागा द्यावी.

आता त्या थराबद्दल, ज्याला आपण मळ समजतो. तांब्याचं नाणं जमिनीत गेलं की त्याच्या पृष्ठभागाचं तांबं हळूहळू ऑक्साइड होऊन लालसर होतं. त्यावर ओल आणि कर्बवायू यांच्यामुळे हिरवं मॅलाकाइट धरतं. हे काम इतकं सावकाश चालतं की धातू जाताना आपला आकार मागे उरणाऱ्या थराला देऊन जातो. अक्षर उठलेलं असतं तिथे ऑक्साइडचंही अक्षरच उठतं. पुष्कळ जुन्या नाण्यांत मूळ पृष्ठभाग, म्हणजे टांकसाळीत हातोडा बसला तेव्हाचा पृष्ठभाग, या थरातच शिल्लक असतो आणि खालचं तांबं खड्ड्याखड्ड्यांचं, ओबडधोबड झालेलं असतं. आम्लाला हे कळत नाही. ते गंज म्हणून सगळं खातं आणि अक्षरंही घेऊन जातं.

एकदा एक तरुण शेतकरी माझ्याकडे रुमालात बांधून चाळीसेक नाणी घेऊन आला. विहिरीच्या कामात गाडगं फुटून निघालेली. कुणीतरी त्याला तेजाबात टाकायला सांगितलं होतं, त्याने टाकली होती. नाणी गुलाबी आणि सच्छिद्र, चघळलेल्या उसाच्या चोथ्यासारखी झालेली. दोन-तीन नाण्यांवर हत्तीची पाठ ओळखू येत होती. त्याने विचारलं, ‘‘आता यावर काही उठवता येईल का?’’ मी नाही म्हणालो. मग त्याने खिशातून आणखी एक काढलं. ते आम्लात जायचं राहून गेलं होतं. हिरवं, मातीचं, त्याच्या लेखी सर्वांत खराब. त्यावर सोंड वर केलेला अख्खा हत्ती होता आणि वरच्या कडेला ब्राह्मीतली चार अक्षरं. ते नाणं बघितल्यावर बाकीच्या चाळीसांत काय होतं याचा अंदाज आम्हा दोघांनाही एकदमच आला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

नाण्यावरची एखादी पुसट रेघ इतिहासाला किती उपयोगी पडते, ते जोगळटेंभीच्या साठ्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला: क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,२५० हून अधिक नाणी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोलांचं उज्जैन चिन्ह. वितळवून नवी नाणी पाडण्याऐवजी शत्रूच्या चालू नाण्यावरच हातोडा पडला होता. आणि हातोडा कधीच सगळीकडे सारखा बसत नाही. डोंगराच्या कडेने नहपानाचं नाक, ओठ, कपाळावरचे केस डोकावतात. उज्जैन चिन्हाच्या गोलांमधून जुन्या नाण्यावरच्या बाणाचं टोक आणि नहपानाच्या नावाची एक-दोन अक्षरं दिसतात. कोणी कोणाला हरवलं हे लेण्यांतले शिलालेख सांगतात. पण पराभूत राजाचा चेहरा आणि जेत्याची खूण एकाच चकतीवर, एकावर एक, फक्त या नाण्यांत आहेत. खालचा चेहरा बहुतेक ठिकाणी केसाएवढ्या उंचीचा उरला आहे. चांदीच्या पॉलिशचं एक फडकं जोर लावून फिरवलं की वरचा डोंगर राहील आणि नहपान जाईल. नाणं आधीपेक्षा सुंदर दिसेल, आणि त्यातली लढाई संपलेली असेल.

वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याचं उदाहरण याहून नाजूक आहे. तिथे १९३९ मध्ये उत्तर सातवाहन राजांच्या पोटीन नाण्यांचा साठा सापडला, पंधराशेच्या आसपास नाण्यांचा, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेली नावं त्यातून पुढे आली. या नाण्यांची चकती लहान, ठसा मोठा. राजाचं पूर्ण नाव एका नाण्यावर सहसा मावतच नाही. एकावर सुरुवातीची अक्षरं, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची, असं जुळवत जावं लागतं. पोटीन म्हणजे तांबं आणि कथील यांचा ठिसूळ मिश्रधातू, पुष्कळदा शिसंही मिसळलेला. दाबाखाली कडेचा तुकडा कटकन उडतो. कडेला उरलेलं एक अक्षर तारेच्या ब्रशाने गेलं, तर कदाचित एका राजाच्या नावातलं एक अक्षर जगातून गेलं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग हातच लावू नये. तसंही नाही. एक रोग असा आहे की हात लावला नाही तर नाणं मरतं. संग्राहक त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. मातीतलं मीठ तांब्याशी मिळून नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड धरून बसतं. जमिनीत ते गप्प असतं. वर आल्यावर दमट हवा लागली की त्याची फिक्या हिरव्या रंगाची भुकटी होते आणि त्या घडामोडीत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारचं चांगलं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा भुकटी, पुन्हा आम्ल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेलँ बर्तेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे चक्र मांडलं. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली तर ते थांबतं. कोकणात पावसाळ्यात ती ८०-९० टक्के असते, त्यात हवेत समुद्राचं मीठ. किनाऱ्यावरच्या घरात उघड्या बशीत ठेवलेलं तांब्याचं नाणं मृगापासून दसऱ्यापर्यंत काय सोसत असेल, ते यावरून समजावं.

निरोगी हिरवा आणि रोगी हिरवा ओळखायला शिकणं हे या पुस्तिकेतलं सर्वांत उपयोगी काम आहे. निरोगी पुट गडद, गुळगुळीत आणि टणक असतं, सुईचं टोक त्यावरून घसरतं. रोगी जागा पोपटी किंवा पांढरट हिरवी, पिठाळ असते, सुईच्या टोकाने भुरभुर सुटते आणि खाली छोटा खड्डा दिसतो. शंका असेल तर नाणं ओल्या कापसाजवळ, पण कापसाला न टेकता, बंद डबीत एक-दोन दिवस ठेवावं. रोग जागा असेल तर नवे ठिपके उमटतात. अशा नाण्याला आधी कोरडं करायचं, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं आणि जाणकाराकडे न्यायचं. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडे, कधी महिने भिजवणं, बेंझोट्रायझोल लावणं हे उपाय संवर्धकांच्या हातचे आहेत. पहिल्याने चांगल्या पुटाचा रंग बदलू शकतो, दुसरं आरोग्याला घातक. रोगाचे जंतू नसतात, त्यामुळे हा रोग एका नाण्यावरून दुसऱ्यावर उडून जात नाही. पण एकाच मातीतून आलेल्या नाण्यांत मीठही एकच असतं, म्हणून एक बिघडलं की त्याच्या सोबत्यांकडे लक्ष ठेवावं.

शिशाची गोष्ट वेगळी आणि जास्त दुःखाची. सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. आम्लाच्या नुसत्या वाफेनेही ती जातात. व्हिनेगर तर दूरच, प्लायवूडच्या कपाटातून आणि नव्या लाकडाच्या खणातून सुटणारी असेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ पुरते. माझ्याकडचं एक जाड शिशाचं नाणं मी नव्या कपाटाच्या खणात, पुठ्ठ्याच्या डबीत, मोठ्या काळजीने ठेवलं होतं. दोन वर्षांनी डबी उघडली तर आत पांढरी भुकटी, आणि तिच्यात नाण्याचा गाभा, सुपारीच्या खांडासारखा. धूळ नको म्हणून मी खण घट्ट बंद ठेवला होता, म्हणजे वाफही बाहेर जाऊ दिली नव्हती. तेव्हापासून शिशाला मी लाकडाच्या आसपास ठेवत नाही. आणखी एक. डिस्टिल्ड पाणी निरुपद्रवी असतं असा समज आहे, पण शिशाचं नाणं त्यात भिजत ठेवू नये, ते शिशाला हळूहळू विरघळवतं. शिसं हाताळल्यावर हात धुवावेत, त्याची भुकटी फुंकून उडवू नये आणि मुलांना त्यापासून लांब ठेवावं.

चांदीबद्दल थोडक्यात. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि ते काळेपण तिचं रक्षणही करतं. सोनाराकडचा उजळा, टूथपेस्ट, रांगोळी हे सगळं घासणंच आहे. अॅल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा हा घरगुती प्रयोग काळा थर घालवतो, पण पृष्ठभाग निस्तेज, खरखरीत करून सोडतो. चांदीत तांब्याची भेसळ जास्त असेल तर नाणं जागोजाग डागाळतं. जमिनीत फार काळ राहिलेली चांदी ठिसूळ होते, वाकलेलं नाणं सरळ करायला गेलं की मोडतं. पारा लावून चकाकी आणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तो विषारी आहे, नाण्यालाही आणि तुम्हालाही.

साफ करण्यात धोका आहे हे लोकांना एक वेळ पटतं. जपण्यातही धोका आहे हे पटत नाही. खोबरेल तेलातली मेदाम्लं तांब्याशी मिळून हिरवं चिकट जंगाल तयार करतात. मेण किंवा लॅकर लावला की नाणं छान दिसतं, पण आत मीठ आणि ओल राहिली असेल तर झाकणाखाली रोग चालूच राहतो. नाणी ठेवायच्या मऊ, पारदर्शक, नव्या पावसाळी चपलेसारखा वास येणाऱ्या पिशव्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. काही वर्षांनी त्या पाझरतात आणि नाण्यावर हिरवा बुळबुळीत थर धरतो. रबरबँडमधलं गंधक चांदीवर काळी रेघ उमटवतं. पॉलिस्टरच्या पिशव्या, आम्लमुक्त कागद, सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा एवढं पुरतं. महिन्याकाठी जेलचा रंग बघावा, बदलला असेल तर तापवून पुन्हा कोरडं करावं.

मातीसाठी काय करावं? बहुतेक वेळा काहीच नाही. तांब्याचं किंवा चांदीचं नाणं धडधाकट असेल, भेग नसेल, भुकटी सुटत नसेल, तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने सुटी माती काढायला हरकत नाही. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल, नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. चिकटलेली माती भिंगाखाली बांबूच्या काडीने किंवा बाभळीच्या काट्याने, एका वेळी मोहरीएवढी. काटा तांब्यापेक्षा मऊ असतो, चूक झाली तर तो मोडतो. या कामात एक नाणं एक आठवडा खातं. तेवढा वेळ नसेल तर नाणं तसंच ठेवावं. मातीला घाई नाही.

कायद्याबद्दलही इथे लिहिलं पाहिजे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे आम्लाने जितकी नाणी गेली त्याहून जास्त भीतीने गेली. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. गावात याची एवढीच बातमी पोचते की सरकार घेऊन जाईल आणि वर चौकशी होईल. मग हंडा रातोरात वाटला जातो, घासला जातो, सराफाच्या मुशीत जातो. त्याच कायद्यात ठेवा शोधणाऱ्याच्या वाट्याची तरतूद आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितलं पाहिजे, आणि तलाठ्यापासून वरच्या प्रत्येकाने त्याला गुन्हेगारासारखं वागवणं थांबवलं पाहिजे. नदीघाटांवर वाळू गाळणाऱ्या झारेकऱ्यांच्या हातून किती नाणी गेली असतील! त्यांची नजर आमच्यापेक्षा तयार असते. त्यांच्याशी आदराने बोललं तर कुठल्या घाटावर, किती खोल, कशाबरोबर सापडलं, हे सगळं ते सांगतात. ती माहिती नाण्याइतकीच मोलाची आहे.

नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, लखनऊला सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचा संवर्धन विभाग आहे. विचारायला जागा आहेत. जाताना नाणं न धुता न्यावं. गाडगं फुटलं असेल तर खापरंही न्यावीत. नाणी एकमेकांना चिकटली असतील तर चाकूने सोडवू नयेत.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझ्या समोर तपासायला आलेला एक गोळा आहे. तांब्याची तीन नाणी एकावर एक चिकटलेली, लाडवाच्या अर्ध्या फोडीएवढी. वरच्या नाण्याच्या हिरव्या पुटावर भिंगातून कापडाचं विणकाम दिसतं, उभे-आडवे धागे, एका सेंटिमीटरला बारा-तेरा. कापड केव्हाच कुजलं. तांब्याच्या क्षारांनी त्याचा आकार तेवढा धरून ठेवला. कुणीतरी ही नाणी सुती चिंधीत बांधून ठेवली होती आणि गाठ कुठे मारली होती तेही एका कडेला, धागे एकत्र येऊन वळतात त्यावरून, दिसतं. गोळा पुढच्या आठवड्यात क्ष-किरण तपासणीला जाईल. डबीवर मी ‘धुऊ नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. मधल्या नाण्यावर काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही.